डेल्फीला गाईड हवा का?

दुबईतल्या करामा भागात आमची ट्रॅव्हल एजन्सी होती. माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या. उजव्या खुर्चीत बहुधा नवरा बसायचा आणि डाव्या खुर्चीत बायको. तिकिटं, हॉटेलं, व्हिसाचे कागद हे सगळं उजव्या खुर्चीशी बोलून व्हायचं. फाइल मिटायची वेळ आली की डावी खुर्ची हळूच विचारायची, "पण काका, तिकडे नुसते दगडच आहेत ना? आम्हाला कळणार कसं? गाईड घ्यावा का?"

नव्वदच्या दशकात आणि पुढची काही वर्षं मी त्या टेबलावरून युरोपच्या सहली विकल्या. ग्रीस माझ्याकडे आलं, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं. स्वित्झर्लंड आपोआप विकलं जातं, बर्फाचा फोटो दाखवला की काम झालं. ग्रीस विकायला बोलावं लागतं. मला बोलायची हौस, त्यामुळे आमचे केरळी मॅनेजर ग्रीसचं नाव काढणाऱ्या प्रत्येकाला माझ्याकडे पाठवायचे आणि स्वतः सुटकेचा निःश्वास टाकायचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाईड घेणं म्हणजे रिक्षा करण्यासारखं आहे, गेटवर गेलं की मिळाला. तिकडे तसं नसतं. प्राचीन जागांवर माहिती सांगायला सरकारी परवाना लागतो. परवान्याचा माणूस आधी सांगून ठेवावा लागतो. त्याचा दर माणशी नसतो, तासांच्या हिशेबानं असतो. चाळीस जणांच्या बसला तो जाणवत नाही, पण तिघांच्या कुटुंबाला चांगलाच जाणवतो. "अर्ध्या दिवसाचे पाचशे दिरहम? म्हणजे जवळपास सहा हजार रुपये. बोलण्याचे?" असं एका गृहस्थांनी मला विचारलं होतं. ते स्वतः इन्शुरन्स विकायचे.

त्यांनी गाईड घेतला नाही. क्रीट बेटावर नॉसस नावाचा पुरातन राजवाडा आहे, तिथे ते बायकोला घेऊन आपले आपणच फिरून आले. परत आल्यावर माझ्यावर उखडले. "पाटणकर, आम्हाला नवं बांधकाम दाखवलंत तुम्ही. लाल ऑइलपेंट मारलेले खांब, आत सिमेंट. असं तर शारजात रोज बघतो." नॉससचा काही भाग शंभरेक वर्षांपूर्वी उत्खनन करणाऱ्यांनी आपल्या कल्पनेनं पुन्हा उभा केलाय, आणि त्यांनी ते बरोबर केलं की चूक यावर विद्वान अजून भांडतात. हे सांगायला तिथे माणूस लागतो. तो नसेल तर हजारो वर्षांचा राजवाडा रिपेअरिंगला काढलेल्या बिल्डिंगसारखा दिसतो. त्यानंतर नॉससला गाईड घेतल्याशिवाय मी फाइल पुढे सरकवली नाही.

उलटेही नग भेटले. एका सोन्याच्या व्यापाऱ्यानं प्रत्येक ठिकाणी दिवसभराचा गाईड घेतला. पैसे दिलेत तर पुरेपूर वसूल करायचे म्हणून ऑलिंपियातल्या त्या बिचाऱ्या बाईला त्यानं संध्याकाळपर्यंत बोलायला लावलं. शेवटी ती तिच्या मुलाच्या शाळेबद्दल बोलायला लागली. व्यापारी परत आला तो खूश होऊन. देवळांतलं त्याला एक अक्षर आठवत नव्हतं, पण त्या मुलाला गणितात किती मार्क पडतात हे पाठ होतं.

अशा अनुभवांतून मी एक नियम बसवला. जिथे खांब उभे आहेत तिथे गाईड नसला तरी निभावतं, जिथे सगळं आडवं पडलंय तिथे गाईड घ्यावा. हा नियम मी डाव्या खुर्चीला मोठ्या ऐटीत सांगायचो. अडचण फक्त डेल्फीची होती. डेल्फी म्हणजे ग्रीकांचं जुनं देवस्थान, डोंगराच्या उतारावर, अर्धं उभं, अर्धं आडवं. तिथे माझा नियम कामाचा नव्हता.

म्हणून मी हिलीची परीक्षा काढली. दुबईहून दीडेक तासावर अल ऐन शहर आहे, त्याच्या बाजूला हिलीला एक बाग आहे. बागेत हजारो वर्षांपूर्वीचं गोल दगडी थडगं. त्याच्या दाराच्या शिळेवर दोन माणसं कोरलीत, हातात हात घेतलेली, आणि दोन्ही अंगांना लांब शिंगांची हरणं. ज्यांचं गाईडबद्दल ठरत नसेल त्यांना मी सांगायचो, एक शुक्रवार हिलीला जाऊन या आणि काय झालं ते मला सांगा. जे कुटुंब थडग्याला एक फेरी मारून बिर्याणीचा डबा उघडतं, त्यांना ग्रीसमध्ये पावलोपावली गाईड द्यायचा. जे रेंगाळतं, आपापसांत वाद घालतं, त्यांना कमी दिला तरी चालतो. मॅनेजर याला 'पाटणकर का एक्झाम' म्हणायचे आणि हसायचे. पण कस्टमर नाराज होऊन परत येणं कमी झालं, हे त्यांनाही दिसत होतं.

बेहेरे कुटुंबाची गोष्ट सांगायला बसलो आणि बाकीचंच बोलत राहिलो. उल्हास बेहेरे जबेल अलीला एका कारखान्यात इंजिनियर होते, राहायला अल कुसैसला. मूळचे पुण्याचे. एका गुरुवारी दुपारी ते एकटेच आले आणि चक्क डाव्या खुर्चीत बसले.

"काका, एक पर्सनल रिक्वेस्ट आहे. ग्रीसला कुठेही गाईड नको."

"पैशांचा प्रश्न आहे का?"

"नाही हो. सुमेधा सांगेल सगळं. माझी मिसेस." मग ते जरा पुढे सरकले. "ती पुण्यात कॉलेजला शिकवायची. एन्शन्ट हिस्टरी. ग्रीस तिचा खास विषय. जग शिकवलं तिनं, पण ग्रीस कधी बघितलं नाही. इकडे आलो, हाउसवाइफ व्हिसावर आली, शिक्काच असतो ना, कामाला परवानगी नाही. खलास. बारा वर्षं झाली. आमची ईशा आता मोठी झालीय, काका. एक-दोन वर्षांत बाहेर जाईल शिकायला. आपली आई शिक्षिका होती हे तिला नुसतं ऐकून माहीत आहे. तिनं आईला काय पाहिलंय, तर डबा भरताना आणि भिशीला जाताना. मला वाटतं, एकदा तिनं आईला बोलताना ऐकावं. हा बहुतेक आमचा तिघांचा शेवटचा हॉलिडे."

मी त्यांच्या फाइलवर 'गाईड नाही' असं लिहून टाकलं. मला त्या माणसाबद्दल फार बरं वाटलं.

शनिवारी सुमेधाताईंचा फोन आला. आवाज शांत, पण घाईतला.

"काका, उल्हास येऊन गेला ना तुमच्याकडे? तो काही म्हणू दे, गाईड घ्या. सगळीकडे घ्या."

"ते म्हणाले, तुम्हीच सांगणार आहात."

"मला काही आठवत नाही हो. बारा वर्षांत एक पुस्तक उघडलं नाहीये. आणि ईशासमोर चुकले तर?"

"चुकलात तर काय होईल? ती चूक काढेल?"

"ती चूक नाही काढत, काका. ती फक्त 'ओके, मॉम' म्हणते."

फोन ठेवला आणि फाइल बघत बसलो. नवऱ्याला वाटत होतं बायकोनं बोलावं, बायकोला लपायला गाईड हवा होता. दोघंही खरं सांगत होते. गाईड दिला तर ती बाई कायमची गप्प होईल अशी भीती, नाही दिला आणि मुलीसमोर तिची फजिती झाली तर त्याहून वाईट. मॅनेजर टेबलाशी येऊन म्हणाले, "पाटणकर, मैडम मांगता है तो दे दो ना. यल्ला, चलो, फाइल क्लोज करो." मी म्हटलं, "सर, हिली के बाद."

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोन गाड्यांनी अल ऐनला निघालो. परीक्षेला मी कधी स्वतः जात नसे, पण या वेळी मला राहवलं नाही. माझी बायको नलिनी पुरी-भाजीचे डबे घेऊन बरोबर आली. हिवाळ्याचे दिवस होते, बाग माणसांनी भरली होती. ईशा कानात वॉकमनच्या तारा घालून आईच्या चार पावलं मागे चालत होती. थडग्याजवळ पोचलो तेव्हा भर दुपार होती. उल्हासराव शिळेकडे धावले. सुमेधाताईंनी एकदा वर पाहिलं आणि म्हणाल्या, "आत्ता नाही काही दिसणार. ऊन डोक्यावर आहे. आधी जेवून घेऊ, उतरतं ऊन आलं की बघू."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. इतके लोक मी त्या शिळेकडे पाठवले, पण कुठल्या वेळी जा हे कधी सांगितलं नव्हतं.

जेवणं झाली. ऊन कललं तेव्हा सुमेधाताई उठल्या आणि ईशाला बाजूला एका ठरावीक जागी उभं केलं. दगडावर तिरपं ऊन पडलं होतं आणि दुपारी सपाट वाटणारी माणसं आता उठून दिसत होती.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं. आवाज फोनवरच्या बाईचा नव्हता.

ईशानं एका कानातली तार काढली. "Two people. Holding hands."

"कोण असतील?"

"I don't know. A couple?"

"कशावरून? नुसते हात धरलेत म्हणून?"

ईशा विचारात पडली. तिनं दुसरी तार काढली आणि शिळेजवळ जाऊन वाकली. आणि नेमके त्याच वेळी उल्हासराव व्हिडिओ कॅमेरा घेऊन पुढे आले. "ईशा, ऐक नीट, मम्मा प्रोफेसर होती. बोल ना सुमेधा, इकडे बघून बोल. थांब, पुन्हा सुरुवातीपासून."

सुमेधाताईंचा चेहरा एकदम मिटला. "बोर्डवर लिहिलंय सगळं, वाच तू," असं लेकीला म्हणून त्या ताटं गोळा करायला निघून गेल्या. ईशानं तारा परत कानात घातल्या.

परतीच्या वाटेवर मी गाडीत नलिनीला म्हटलं, "घ्यावेच लागणार गाईड."

"तुम्ही गाईडचं काय ते नंतर बघा," ती म्हणाली. "त्या बाईंना सगळं आठवतंय. आधी त्या नवऱ्याच्या हातातला कॅमेरा काढून घ्या."

माझ्या धंद्यात मला मिळालेला हा सगळ्यात कामाचा सल्ला. सोमवारी मी अथेन्सच्या अ‍ॅक्रॉपोलिसला आणि नॉससला गाईड सांगितले. डेल्फीची जागा रिकामी ठेवली. मग उल्हासरावांना फोन केला. "डेल्फीला तुम्ही बॅगा सांभाळायच्या. कॅमेरा हॉटेलवर. तोंडातून शब्द काढायचा नाही."

"किती वेळ काका?"

"खाली उतरेपर्यंत."

ते बिचारे "बरं" म्हणाले. नंतर सुमेधाताईंना फोन लावला आणि काय केलंय ते जसंच्या तसं सांगितलं. "डेल्फीला मी कुणाला सांगून ठेवलेलं नाही. अथेन्समध्ये आमची एजंट आहे, एलेनी. तिचा नंबर देतो. आदल्या संध्याकाळपर्यंत तिला फोन केलात तर ती दुसऱ्या दिवशी गाईड उभा करेल. हवा की नको ते तुम्ही तिथे ठरवा. मी ठरवणार नाही."

"नंबर सांगा," त्या म्हणाल्या.

ते ग्रीसला गेले आणि मी इकडे बाकीच्या फायली बघत राहिलो. खरं सांगायचं तर लक्ष लागत नव्हतं. डेल्फीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ऑफिस बंद करायच्या वेळेला अथेन्सहून फोन आला. फोनवर एलेनी होती. म्हणजे सुमेधाताईंनी तिला फोन केला होता. माझ्या मनात फार होतं की त्यांनी करू नये.

"तुमच्या मिसेस बेहेरेंचा फोन आला होता," एलेनी इंग्रजीत म्हणाली.

"कुठला गाईड दिलास?"

"गाईड मागितलाच नाही. सकाळी देवळावर ऊन किती वाजता येतं, ते विचारत होती. मागे उंच कडे आहेत ना, म्हणून. मी इतकी वर्षं हे काम करतेय, मला असं कुणी विचारलं नव्हतं. मला दोन गाईडना फोन करावे लागले. पाटणकर, ही बाई आहे तरी कोण?"

"शिक्षिका आहे," मी म्हणालो. फोन ठेवल्यावर डोळे भरून आले होते. मॅनेजरांनी पाहिलं आणि काही न विचारता माझ्यासाठी चहा मागवला.

परत आल्यावर उल्हासराव पिस्त्यांची पिशवी घेऊन आले. पुन्हा डाव्या खुर्चीत बसले.

"मी बॅगा घेऊन खालच्या पायरीवर बसलो होतो, काका, तुम्ही सांगितलं तसा. त्या दोघी देवळापाशी. डेल्फीला लोक देवाला प्रश्न विचारायला यायचे ना, ते सुमेधा सांगत होती. आमच्या गावी कोकणात देवाला कौल लावतात, तसंच. ईशाला कौल माहीत नाही, मग तेही सांगितलं. फुलं लावतात, डावं पडलं की उजवं ते बघतात. मग म्हणाली, घर सोडून समुद्रापलीकडे वस्ती करायला जे लोक निघायचे, ते आधी इथे यायचे आणि विचारायचे, जावं का, कुठे जावं. ईशा ऐकत होती. वॉकमन माझ्याकडच्या बॅगेत होता."

"मग?"

"मग ईशानं विचारलं, So who did you ask, Mom? Before you came to Dubai?" उल्हासरावांनी टेबलावरचा स्टेपलर उगाच सरळ केला. "सुमेधा म्हणाली, मला कुणी विचारलंच नाही, तर मी कुणाला विचारणार?"

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न धरून ठेवला होता. तो थांबल्यावर उल्हासराव पुढे बोलू लागले.

"मी तिकीट पाठवलं होतं, काका. सरप्राइज म्हणून. तिची टर्म चालू होती. मला वाटलं किती खूश होईल. बारा वर्षांत ती एकदाही बोलली नाही. चिडून नव्हती बोलत. मुलीनं विचारलं म्हणून नुसतं सांगितलं. मग पुढच्या दगडाकडे गेली आणि म्हणाली, काय दिसतंय?"

तसली सरप्राइज तिकिटं आमच्या काउंटरवरून दर आठवड्याला निघत, आणि काढणारा प्रत्येक जण इतकाच प्रेमळ असे. मी म्हटलं, "आता विचारा." ते म्हणाले, "विचारलं. विमानातच विचारलं."

त्यांना काय उत्तर मिळालं ते मी विचारलं नाही. पण त्या हिवाळ्यात ईशा आपल्या तीन मैत्रिणींना घेऊन आईबरोबर हिलीला गेल्याचं कळलं. नंतर अल कुसैसच्या त्यांच्या बिल्डिंगमधली मुलं जायला लागली. सुमेधाताई दुपारी आधी सगळ्यांना जेवायला घालायच्या आणि ऊन कलल्यावर शिळेपाशी न्यायच्या. हे सगळं हौसेनं चालायचं, त्यामुळे पासपोर्टातल्या शिक्क्याला काही धक्का नव्हता. मला अजून वाटतं, त्या बाईंना वर्ग मिळायला हवा होता. खरा, फळ्याचा, रोजचा. बागेतले शुक्रवार म्हणजे त्याची भरपाई नव्हे. त्याही हे जाणून होत्या, पण मुलांना शिकवताना त्यांच्या चेहऱ्यावर ते कधी दिसलं नाही.

दोनेक वर्षांनी मायलेकी माझ्याकडे आल्या. ईशाला कॅनडात अ‍ॅडमिशन मिळाली होती. ती उजव्या खुर्चीत बसली, सुमेधाताई डाव्या. मी सीट काढली, तारीख वाचून दाखवली आणि नेहमीच्या सवयीनं विचारलं, "कन्फर्म करू?"

ही मुलगी माझ्याशी कधी मराठीत एक वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. आईकडे वळली आणि म्हणाली, "आई, जाऊ का?"

अ‍ॅडमिशन झाली होती, फी भरली होती, व्हिसा लागला होता. उत्तर काय येणार ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तरी सुमेधाताईंनी घाई केली नाही. लेकीचा हात हातात घेतला आणि खरंच विचार केला. मी कीबोर्डवरून हात काढून बसलो.

"जा," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून माझ्याकडे बघून, "करा कन्फर्म, काका."

मी कन्फर्म केलं. तिकीट छापायला घातलं आणि धंद्यातला पुढचा प्रश्न विचारला, "तिकडे उतरल्यावर एअरपोर्टवर न्यायला, सगळं दाखवायला माणूस ठेवू का?"

"No need, Uncle. I'll manage," ईशा म्हणाली.

"ठेवा," सुमेधाताई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी असू दे. दुसऱ्या दिवसापासून नको."